दसऱ्याचं सोनं कागदावर उतरवताना

आपट्याचं पान काढायचं तर आधी ते आपट्याचंच आहे का बघा. पहिल्या वर्षी मी बाजारातल्या जुडीतलं पान दोन तास बसून रंगवलं. आजीनं चष्मासुद्धा न लावता सांगितलं, "हे सोनं न्हवं बाई, कांचन हाय की." कांचनाचं पान तळहाताएवढं, वरची फट खोल. आपट्याचं जेमतेम दोन-तीन बोटांचं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जरा चिवट. फांदी ओरबाडू नका, दोन पानांची डहाळी पुरते. ती ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवा.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, आणि गुळगुळीत. पेन्सिल टूएच, म्हणजे कडक शिशाची. पान आहे त्याच मापाचं काढा. आधी मधली शीर, मग देठापासून पंख्यासारख्या पसरणाऱ्या शिरा मोजा, सहसा ७ ते ९ भरतात. कड शेवटी. कडेपासून सुरुवात केली की पानाचं बदाम होतं, मुलं हमखास तेच करतात.

आता गोष्ट. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी १४ कोटी मोहरा हव्या होत्या आणि रघुराजाची तिजोरी यज्ञदानात रिकामी झालेली. राजा स्वारीला निघणार म्हटल्यावर कुबेरानं रातोरात सोनं ओतलं, आणि लोक सांगतात, ते आपट्यावर पडलं. म्हणून मीही एकदा सोनेरी रंग फासला. मिठाईच्या खोक्यावरचं चित्र दिसायला लागलं! त्यापेक्षा एक पान मधल्या शिरेवर अर्धं मिटलेलं काढा, सोनं देताना हातात असतं तसं. वरची मळकी हिरवी बाजू आणि खालची फिकट, करडी लव दोन्ही दिसतात. हिरवा तयार घेऊ नका, पिवळ्यात निळा आणि चिमूटभर तांबूस तपकिरी मिसळा. बेळगावच्या हवेत दसऱ्यालाही ओल असते, पहिला हात पुरता वाळू द्या.

शेजारच्या कानडी काकूंचं दसऱ्याचं सोनं मात्र "बन्नी", म्हणजे शमी. पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रं शमीवर लपवली आणि कुणी जवळ येऊ नये म्हणून झाडाला प्रेत बांधलं. चित्रात धनुष्य घालायची गरज नाही. काटे नीट काढा, झाड आपोआप "लांब राहा" म्हणतं. शमीच्या पानाला जोडीजोडीनं फाटे आणि फाट्यांवर पुन्हा जोडीजोडीनं बारीक पर्णिका. सगळ्या रंगवत बसलात तर दिवाळी येईल. एकच डहाळी पूर्ण करा, बाकीची पेन्सिलीत हलकी सोडा.

खाली तारीख, गाव आणि नाव लिहा. माझ्या कागदावर "आपटा" मी लिहिते, "बन्नी" काकू कानडीत लिहून देतात. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.