घर ऐंशी किलोमीटरवर आलं की होणारे घोळ: सोलो बाईकपॅकिंगच्या शेवटच्या दिवशी या चुका टाळा

एकट्यानं, सामान सायकललाच बांधून केलेली पाच दिवसांची राईड होती. कोल्हापुरातनं गगनबावडा, भुईबावडा घाट उतरून कोकणात, तिथनं किनाऱ्या-किनाऱ्यानं रत्नागिरी आणि परत आंबा घाट चढून वर. चार दिवस एक पंक्चर सोडलं तर सायकलनं कसलाच त्रास दिला नाही. जे काय व्हायचं ते सगळं पाचव्या दिवशी, आंबा गावातनं निघाल्यापासनं कोल्हापूरच्या शिवाजी पुलापर्यंत झालं. तेव्हा सायकलला मनसोक्त शिव्या घातल्या, पण नंतर नीट आठवून बघितलं तर एकूणएक घोळ माझाच होता, कारण मी मनानं आदल्या रात्रीच घरी पोचून अंघोळ करून जेवायला बसलो होतो.

सुरुवात त्या रात्रीच झाली. रोज झोपायच्या आधी पाच मिनिटं सायकल बघायचो. शेवटच्या रात्री म्हटलं जाऊ दे, उद्या घरीच तर जायचंय. खरं तर चार दिवस लोड घेऊन हादरलेली सायकल त्याच दिवशी जास्त बघायला पाहिजे. फोर्कवरच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) बाटलीच्या केजचे बोल्ट, सीटपोस्ट म्हणजे सीटचा दांडा, सीटमागच्या सॅडल बॅगचे पट्टे, चेन आणि ब्रेक पॅड, बास एवढंच. माझा केजचा एक बोल्ट पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर कुठं पडला कळलंच नाही, बाटली पुढच्या चाकाला घासायला लागली तेव्हा लक्षात आलं. फ्रेमवरच्या बाटलीच्या केजचा एखादा बोल्ट काढून तिथं लावता येतो, साईज बहुतेक एकच असते, पण हे सुचायला मला अर्धा तास लागला. तोपर्यंत झिपटायनं बांधायचा खेळ चालला होता. निघायच्या आधी असल्या बोल्टना थ्रेडलॉकचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा आणि दोन बोल्ट जादा ठेवा, वजन काही होत नाही.

दुसरा घोळ खायचा. वजन कमी करायचं म्हणून उरलेली चिक्की, शेंगदाणे, गूळ सगळं आंब्यात वाटून टाकलं आणि पाणी एकच बाटली घेतली. बांबवड्यात झणझणीत मिसळ हाणली आणि कच्च्या वाटेनं मसाईवर निघालो. आता मसाई म्हणजे उघडाबोडका जांभा, डिसेंबरातसुद्धा अकरा वाजता डोकं तापतं, सावली नाही, पाण्याचा भरवसा नाही. चढाला मिसळ जी घशाशी यायला लागली ती बाराच्या आसपास पार पाय गळाल्यावरच थांबली. एक म्हातारबा जनावरं घेऊन चालले होते, म्हणाले, "पाव्हणं, ढकलत का चाललाय, प्याट्रोल संपलं व्हय?" म्हटलं संपलंच की ओ. त्यांच्याकडची अर्धी भाकरी आणि पाणी मिळालं म्हणून निभावलं. तेव्हा शेवटच्या दिवशीसुद्धा पहिल्या दिवसाएवढंच खाणं बरोबर ठेवा, भूक लागायची वाट न बघता पाऊण-एक तासानं काहीतरी तोंडात टाका. मिसळ मात्र घरी पोचल्यावर.

टायरचं थोडक्यात सांगतो. जांभ्यावर धार असते, साईडवॉल म्हणजे टायरची बाजू कापली तर ट्युबलेस टायरमधलं सिलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) काही करू शकत नाही, आणि सिलंट तीन-चार महिन्यांचं जुनं असेल तर तसंही वाळून गेलेलं असतं. कापलेल्या जागेवर आतनं दहाची नोट घडी करून ठेवा आणि ट्यूब घाला, घरापर्यंत आरामात येते. ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतनं बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर नवी ट्यूब पाच मिनिटांत गेली म्हणून समजा. आणि प्रेस्टा व्हॉल्व (बारीक तोंडाचा, गाड्यांपेक्षा वेगळा) असेल तर ॲडॅप्टर ठेवा, गावातल्या पंक्चरवाल्या मामांकडं हवा आहे पण ती भरायची कशी हा सीन फार केविलवाणा असतो.

आता ब्रेक, इथं मात्र जीवावर बेतलं होतं. भुईबावडा उतरताना मी ब्रेक धरूनच बसलो होतो, मागं बारा-तेरा किलो सामान, त्यात रेझिनचे, म्हणजे लवकर झिजणारे पॅड. पन्हाळ्यावरनं वाघबीळकडं उतरताना पुढच्या चाकातनं खर्रर्र असा आवाज यायला लागला, पत्र्यावर कानस मारल्यासारखा. मला वाटलं माती अडकली असेल. अजून दोन वळणं तशीच उतरलो, मग लिव्हर पार ग्रिपला टेकायला लागला तेव्हा कुठं थांबलो. पॅडचं मटेरियल संपून मागचा पत्रा रोटरवर, म्हणजे चाकाच्या ब्रेक डिस्कवर, घासत होता. वर शहाणपणा असा की कितपत तापलाय बघायला रोटरला बोट लावलं. आठवडाभर फोड होता.

असा आवाज आला की तिथंच थांबा, तेवढा उतार संपवतो म्हणू नका. रोटर निवू द्या, पाणी ओतू नका. जादा पॅड असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर पुढचं-मागचं कॅलिपर (पॅड बसतात तो भाग) एकाच टाईपचं आहे का बघा, असेल तर मागचे बरे असलेले पॅड पुढं घाला, कारण ब्रेकिंगचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. जाड पॅड बसवताना पॅडना दाबणारे पिस्टन आत ढकलायला लागतात, ते प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरनं हळू ढकला. पॅड बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनसुद्धा दाबायचा नाही, पिस्टन बाहेर आला तर मग टेम्पो बघावा लागतो. मी पॅड बदलले आणि उरलेला उतार सरळ चालत उतरलो, लोक बघत होते, बघू देत. मेटलचे पॅड जास्त टिकतात, जरा ओरडतात एवढंच, पण काही स्वस्त रोटरवर फक्त रेझिन चालेल असं छापलेलं असतं ते बघून घ्या. मटेरियल एक मिलीमीटरच्या आत आलं असेल तर राईडला निघायच्या आधीच बदला.

या सगळ्यात वेळ गेला आणि केर्ली गावाच्या अलीकडंच अंधार पडला. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि तो ऊसतोडीचा सीझन. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाड्याखाली झाकलेला, आणि पुढं टेपवर गाणी फुल. माझा मागचा लाईट आदल्या दिवसापासनं चार्जच नव्हता, कारण पॉवरबँकचं सगळं चार्जिंग स्टेटस टाकण्यात संपवलं होतं. ट्रॉलीला ओव्हरटेक करायला जाऊ नका, दोन ट्रॉल्यांची लांबी आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच निघते आणि समोरचा दिसत नाही. अंतर ठेवून मागं राहा किंवा चहा प्यायला थांबा. आणि घरी "सहाला पोचतो" असं सांगू नका, "आठपर्यंत येईन" म्हणा. मी सहा सांगितलं होतं, साडेसहाला फोन बंद पडला आणि इकडं आईनं दोन मित्रांना गाडी घेऊन पन्हाळा रोडला पाठवलेलं. ते मला शिवाजी पुलावर भेटले, जे काय बोलले ते इथं लिहिता येत नाही.

तिघं मिळून गंगावेशीत गेलो, कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलो, पैसे अर्थातच मी दिले.

आणि एक राहिलं. घरी आल्यावर सायकल जिन्याखाली लावली ती चार दिवस तशीच. कोकणातल्या खाऱ्या हवेनं चेनवर तांबेरा चढला होता, चेन उघडायची क्विक लिंक पक्कडीनंसुद्धा निघंना. चेन त्याच रात्री पुसून तेल घाला. ओली टेंट, कपडे बॅगेतनं बाहेर काढा. माझी सॅडल बॅग पाचव्या दिवशी आईनं उघडली, आता ती घरात घ्यायची परवानगी नाही, गच्चीवरच असते.