अलॉय म्हणजे हलकंच? रिमचं वजन बघताना या चुका टाळा

"अलॉय (म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं रिम) टाक, गाडी हलकी होईल" हे इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. हिशोब सगळ्यांचा एकच, स्टीलची घनता घनसेंटीमीटरला ७.८५ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७, म्हणजे वजन एक तृतीयांश. अहो पण दोन्ही रिम एकाच जाडीची बनतात का? स्टीलचं रिम पातळ पत्रा दाबून होतं, अलॉय ओतीव असतं, तेवढी ताकद यायला ते जाडजूडच ठेवावं लागतं. त्यामुळे एकाच मापाच्या रिममध्ये फरक बऱ्याचदा किलोभराच्या आतबाहेर, आणि स्वस्तातलं अलॉय कधीकधी स्टीलपेक्षा जड भरतं. फोर्ज्ड, म्हणजे ओतण्याऐवजी दाबून घडवलेलं अलॉय खरंच हलकं असतं, पण किंमत विचारून बघा एकदा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे माप बदलायचं आणि वर वजन कमी झालं म्हणायचं. आमच्या सोसायटीतल्या एकाने स्विफ्टची १४ इंची स्टील रिमं काढून १६ इंची अलॉय टाकली. दुकानदाराने सांगितलं ॲव्हरेज वाढेल, महिन्याभरात हा तक्रार घेऊन दारात, ॲव्हरेज घसरलं आणि सिग्नलला गाडी उचलत नाही. जुनं चाक त्याच्याकडेच पडलेलं, म्हटलं चल भंगारवाल्याकडे. जुनं चाक टायरसकट १४ किलोच्या आसपास, नवं १७ च्या जवळ! टायरचं माप जुनं १६५/८० आर१४ काय आणि नवं १९५/५५ आर१६ काय, बाहेरचा व्यास दोन्हींचा ६२० मिमीच्या आसपास, म्हणून स्पीडोमीटर गडबडत नाही आणि माणसाला काही बदललंय असं वाटत नाही. पण रिम मोठं झालं की धातू मध्यापासून लांब जातो, फिरवायला जास्त जोर लागतो, त्यात टायर रुंद. तरी हा म्हणतो, "पण दिसतं भारी ना." मग दिसण्यासाठी घेतलं म्हण की बाबा, वजनाचं नाव कशाला?

घरातल्या वजनकाट्यावर चाक कवटाळून उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं हा शॉर्टकट तर बंदच करा, अर्ध्या किलोची चूक तिथेच होते आणि तुम्ही शोधताय तो फरकच तेवढा असतो. मी सरळ रद्दी-भंगारवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा वापरतो, टायर काढून, आतला चिखल खरवडून, बॅलन्सिंगची वजनं उपटून. पावसाळ्यानंतर आत केवढी माती बसते ते एकदा बघाच. टायर न काढता तोलायचं असेल तर दोन्हीकडे तोच टायर हवा, नाहीतर तुम्ही रबर तोलताय.

समोरचं रिम नक्की कशाचं, हे न बघता वाद घालू नका. हल्लीचे व्हील कव्हर लांबून अलॉयच वाटतात. कव्हरला नाही, आतल्या रिमला लोहचुंबक लावा, चिकटलं तर स्टील.

नट जुनेच वापरू नका, अलॉयमध्ये नट टेकतो त्या जागेचा आकार वेगळा असू शकतो. आणि स्टेपनी स्टीलची असेल तर तिचे नट डिकीत ठेवा, रात्री हायवेवर पंक्चर झाल्यावर शोधत बसू नका.