जुन्या गाडीत धुराचा वास येतोय, हीटरही नीट चालत नाहीये? मग या क्रमाने शोधा

जुन्या गाडीत धुराचा वास यायला लागला की बहुतेक जण आधी परफ्यूमची बाटली लावतात, आणि मेकॅनिकला विचारलं तर "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच" असं ऐकायला मिळतं. नाही चालायचं. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला ना रंग ना वास, आपल्याला जो वास येतो तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा, त्यामुळे वास नाही म्हणजे गॅस नाही असं अजिबात समजू नका. हा गॅस रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि मोकळ्या हवेत आल्यावरसुद्धा तो निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात.

लक्षणं फसवी आहेत. डोकं जड होणं, मळमळ, झापड, म्हणजे घाटात गाडी लागते तसंच सगळं. पण गाडीतल्या सगळ्यांचंच डोकं दुखतंय आणि चहाला उतरल्यावर बरं वाटतंय असं असेल तर संशय गाडीवर घ्या. आणि करोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून "९८ आहे, ठीक आहे" म्हणू नका, साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त वेगळं ओळखता येत नाही, तो नॉर्मलच आकडा दाखवतो. कुणाला गरगरायला लागलं, शुद्ध हरपायला लागली तर गाडी बंद, सगळे बाहेर, आणि सरळ हॉस्पिटल.

पीयूसी पास आहे हेही काही कामाचं नाही. खूप जुन्या, बीएस २ (धुराचे सरकारी निकष) च्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना पीयूसीमध्ये ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो, ३ टक्के म्हणजे ३० हजार पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग), आणि माणसाने श्वासात घ्यायची जागतिक आरोग्य संघटनेची एका तासाची मर्यादा आहे साधारण ३० पीपीएम. टेलपाइपमधला तो धूर हजारावा हिस्सा जरी केबिनमध्ये आला तरी मर्यादा गाठली. डिझेलमध्ये हा गॅस बराच कमी असतो पण काजळी आणि डोळे चुरचुरवणारे वायू जास्त, म्हणून डिझेलवाल्यांनीही हे सगळं करायचंच.

आता शोधायचं कसं. आधी वास कधी येतो ते नीट लक्षात घ्या, अर्धं काम तिथेच होतं. सिग्नलला उभं असताना ब्लोअर चालू केला की येतो, म्हणजे गळती बोनेटखाली आहे आणि काचेखालच्या जाळीतून ब्लोअर ती हवा आत ओढतोय. चालत्या गाडीत मागच्या खिडक्या उघडल्या की येतो, म्हणजे मागून येतोय, कारण चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर तिथेच घुटमळतो, डिकीचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) कडक झालं असेल किंवा टेललॅम्पचं रबर गेलं असेल तर तो आत घुसतो. सामान मावत नाही म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून दोरीने बांधून जाणं याच कारणाने धोक्याचं आहे. चढावर जोर लावल्यावरच येत असेल तर बहुतेक मॅनिफोल्ड (इंजिनमधून निघणारा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा पाइप) किंवा त्याच्या खालचा जॉइंट.

मॅनिफोल्डची तपासणी सकाळी, गाडी रात्रभर थंड पडलेली असताना करा. बोनेट उघडून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि कान द्या. टिक-टिक-टिक असा आवाज येत असेल आणि गाडी तापल्यावर तो कमी होत असेल तर पॅकिंग (जोडातली गॅस्केट) गेलंय किंवा मॅनिफोल्डला चीर आहे, लोखंड तापून फुगतं आणि फट बुजते म्हणून मेकॅनिककडे नेईपर्यंत आवाज गायब होतो. म्हणून गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला सोडा. टॉर्च मारून पॅकिंगच्या कडेने बघा, जिथून धूर सुटतो तिथे बाहेरच्या बाजूला पसरत गेलेला काळा पट्टा असतो, बोटाला कोरडी काजळी लागते. ऑइल गळतीचा डाग चिकट असतो, तो वेगळा, पण तेही मॅनिफोल्डवर ठिबकत असेल तर जळक्या ऑइलचा वास येतोच.

पुढचे जॉइंट आणि सायलेन्सर यांना साबणाचं पाणी. थंड इंजिन चालू करा, सगळ्या जोडांवर आणि वेल्डिंगवर स्प्रे मारा, जाड हातमोजे घालून ओल्या फडक्याने टेलपाइप थोडा वेळ दाबा, जिथे गळती असेल तिथे फेस उसळतो आणि फुस्स आवाज येतो. हे उघड्या जागेत, आणि खाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही, रॅम्प किंवा पिट हवाच. कोकणातल्या गाड्यांचा सायलेन्सर खालून ठीक दिसतो पण वरच्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे गंजून भोक पडलेलं असतं, तिथे हात फिरवूनच कळतं, अर्थात थंड असताना.

गळती बंद केल्यावर मग पत्र्याची भोकं. हा क्रम उलटा करू नका, भोकं बुजवून गळती तशीच ठेवली तर धूर दुसरी वाट शोधतो. वायरिंग आणि केबल ज्या रबरी ग्रोमेटमधून आत येतात ती, गियर लिव्हरचा बूट, मॅटखालचे रबरी प्लग, हे सगळं बघा. रात्री अंधारात गाडीच्या आत मोठा टॉर्च फिरवायचा आणि बाहेरून, खालून प्रकाश कुठे दिसतो ते बघायचं, बिनखर्चाची आणि अचूक टेस्ट आहे. ओम्नीवाल्यांनी तर जास्तच काळजी घ्यावी, इंजिन पुढच्या सीटच्या खालीच, सीट उचलली की इंजिन, मध्ये फक्त कव्हर आणि त्याचं बीडिंग. ते बीडिंग दाबून चपटं झालं असेल तर नवं टाका, क्लिपा सगळ्या घट्ट बसतात का बघा.

आता हीटर. आपल्याकडे निफाड-नाशिकची थंडी सोडली तर वर्षभर कुणी हात लावत नाही, मग स्पितीला किंवा काश्मीरला निघायच्या आदल्या दिवशी आठवतं. इंजिन चांगलं तापू द्या, हीटर फुल गरम वर करा, मग फॅनपासून लांब राहून, फडकं धरून, केबिनकडे जाणारे दोन होज (गरम पाण्याच्या रबरी नळ्या) चाचपा. दोन्ही गरम असतील तर पाणी पोचतंय, दोष आतल्या फ्लॅपचा (गरम-गार हवा वळवणाऱ्या झडपेचा) किंवा केबलचा. एक गरम एक गार असेल तर हीटर कॉइल (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) चोक आहे किंवा कॉक (गरम पाण्याची तोटी) उघडत नाहीये, आणि वर्षानुवर्षं कूलंटच्या जागी बोअरचं पाणी टाकलं असेल तर हे होणारच, गंज आणि क्षार बसून बारीक नळ्या बुजतात. दोन्ही कोमट असतील तर आधी पाण्याची लेव्हल, मग एअरलॉक (पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा), मग थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप). यातला थर्मोस्टॅट नीट बघा, कारण "आपल्याकडे उन्हाळा असतो, लागत नाही" म्हणून तो कित्येक गॅरेजमध्ये काढून टाकलेला असतो. मग इंजिन हवं तितकं तापतच नाही, हीटर कोमट, पेट्रोल जास्त, आणि थंड इंजिन धूरही जास्त सोडतं. सांगून नवा बसवून घ्या. आणि ते दोन होज आधीच्या कुणी हीटरला बायपास करून एकमेकांना जोडून तर टाकले नाहीयेत ना, तेही बघा, असं खूप गाड्यांत असतं.

गोडसर वास, काचेच्या आतून पुसलं तरी चिकट राहणारं धुकं, शेजारच्या सीटखालचा ओला मॅट, हे तिन्ही हीटर कॉइल गळत असल्याची चिन्हं, हा धूर नाही पण कूलंटची वाफ आहे, टाळू नका. ब्लोअर फक्त फुल स्पीडला चालत असेल तर रेझिस्टर (ब्लोअरचा स्पीड कमी-जास्त करणारा भाग) जळालाय, स्वस्त पार्ट आहे. अजिबातच चालत नसेल तर फ्यूज, आणि फ्यूज परत परत उडत असेल तर जास्त अँपिअरचा किंवा वायरचा तुकडा घालू नका, मोटर जाम आहे का बघा, पावसाळ्यात उंदीर तिथे घरटं करतात.

काम झाल्यावर डिस्प्ले असलेला कार्बन मोनॉक्साइड मीटर डॅशबोर्डवर ठेवून चक्कर मारा, खिडक्या बंद, ब्लोअर आधी बाहेरच्या हवेवर, मग रिसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवण्यावर). या चकरेत सोबत कुणीतरी हवंच, आणि आकडा चढायला लागला की लगेच काचा खाली. नुसता घरगुती अलार्म पुरत नाही, बरेच अलार्म ७० पीपीएमलासुद्धा तासाभराने वाजतात. आकडा शून्याच्या आसपास राहिला पाहिजे. तोपर्यंत गाडी चालवावीच लागली तर पुढच्या दोन्ही खिडक्या उघड्या, डिकी बंद, ब्लोअर बाहेरच्या हवेवर (वास बोनेटखालून येत असेल तर ब्लोअर बंदच), आणि इंजिन चालू ठेवून आत झोपायचं नाही, एसीसाठीही नाही, हीटरसाठीही नाही.

हीटर कॉइल बदलायला डॅशबोर्ड उतरवावा लागणार असेल तर त्याच वेळी ब्लोअर मोटर, फ्लॅपचे फोम आणि कॉकची केबल पण बदलून घ्या, दुसऱ्यांदा उतरवायची मजुरी या पार्टपेक्षा जास्त होते.