वाडीवर दरडीचा धोका किती? घरागणिक कसा तपासायचा

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. म्हणून यादीत नाव नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणता नकाशे १:५०,००० प्रमाणाचे असतात. त्यात एक सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर, त्यामुळे अख्खी वाडी एका ठिपक्यात मावते. तालुक्यातल्या कोणत्या वाड्या आधी तपासायच्या हे त्यावरून ठरवा. घरांचा निवाडा उतारावर चालूनच होतो.

उपग्रहचित्राची मोठी प्रिंट घेऊन प्रत्येक घराला क्रमांक द्या. पहिली फेरी मे महिन्यात करा, कारण तेव्हा गवत वाळलेले असते आणि भेगा दिसतात. दुसरी फेरी जुलैमध्ये, पाऊस उघडल्यावर. त्या वेळी नवे झरे कुठे फुटले ते कळते.

फेरी घरांपासून सुरू करू नका, आधी माथ्यावर जा. उताराला आडवी गेलेली, चंद्रकोरीसारखी भेग सर्वांत गंभीर. तिच्यातून पाणी आत शिरते, माती आणि कातळ यांच्या सांध्यावर साचते आणि वरचा थर सुटतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना निदान दीड फूट खोल लोखंडी खुंट्या ठोका, खुंट्यांच्या डोक्यावर खूण करा आणि दोन खुणांमधले अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. उथळ ठोकलेली खुंटी भिजलेल्या मातीत स्वतःच कलते आणि माप फसवते. अंतर वाढत असेल तर त्या उताराखालची घरे लगेच रिकामी करा, मोजमाप नंतर सुरक्षित जागेवरून. झाडे किंवा विजेचे खांब नव्याने कललेले, घराची दारे अचानक अडकू लागलेली, झऱ्याला गढूळ पाणी, भर पावसात ओढा एकाएकी आटलेला: यातले काहीही दिसले तरी हेच करायचे. आटलेल्या ओढ्याचा अर्थ वर कुठेतरी पाणी तुंबले आहे.

उताराचा कोन कोनमापक आणि ओळंब्याने मोजता येतो. जपानच्या कायद्यात ३० अंश किंवा अधिक चढाचा, ५ मीटर किंवा अधिक उंचीचा उतार धोक्याचा धरतात आणि पायथ्यापासून उंचीच्या दुप्पट अंतर, कमाल ५० मीटर, इशारा क्षेत्रात घेतात. चाळणी म्हणून हे माप उत्तम, पण सह्याद्रीच्या उंच उतारांखाली ५० मीटरची मर्यादा पाळू नका. उंचीच्या दुप्पट अंतरात येणारे प्रत्येक घर नकाशावर लाल, म्हणजे धोक्याचे धरा. ओघळीच्या तोंडाशी असलेले घर अंतर कितीही असो, लालच, कारण चिखल आणि दगड ओघळीच्या वाटेने फार लांब जातात. घरामागे जेसीबीने उतार कापला असेल किंवा माथ्यावर सपाटीकरण करून पाणी अडवले असेल, तर त्या घराचा धोका एक पायरी वरचा धरा.

पाऊस वाडीतच मोजा, कारण महसूल मंडळाचे पर्जन्यमापक दरीपलीकडे असू शकते. सरळ भिंतीची दोन लिटरची बाटली वरून कापा, तोंड उलटे बसवा. तळ खोलगट असतो, म्हणून आधी पाणी भरून शून्याची रेघ आखा. रोज सकाळी साडेआठला नोंद करा, जोरदार पावसात संध्याकाळीही मोजून रिकामी करा, नाहीतर बाटली भरून वाहते आणि खरा आकडा हातातून जातो. २४ तासांत ११५.६ मिमी म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत अति जोरदार, २०४.५ मिमी म्हणजे अत्यंत जोरदार. पहिला आकडा ओलांडला की लाल घरांनी अंधार पडण्यापूर्वी हलावे. सलग तीन दिवस झड लागली असेल तर त्याहून कमी पावसावरही हलावे, कारण माती आधीच भरलेली असते.

आसऱ्याची जागा हीच सगळी मापे लावून निवडा. शाळा पक्की असली तरी बऱ्याचदा डोंगराच्या पायथ्याशी किंवा ओढ्याकाठी असते, आणि तिच्या वाटेवरचा साकव पहिल्या पुरात बुडतो. प्रत्येक लाल घरापुढे माणसे, तान्ही मुले, अंथरुणाला खिळलेले आणि गुरे यांची संख्या लिहा. गुरांची सोय नसेल तर माणसे घर सोडत नाहीत, हे गृहीत धरून गोठ्याची जागा आधीच ठरवा. नकाशा आणि यादी ग्रामसभेच्या ठरावाला जोडून तहसीलदारांकडे द्या, भूवैज्ञानिक पाहणीची लेखी मागणी करा आणि पोचपावती घ्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक लाल घरांच्या दारावर रंगवून ठेवा.