एनसीव्हीला जाताय? आधी पाय गरम करा

एनसीव्ही म्हणजे नसेतून सिग्नल किती वेगाने जातो ते मोजायची तपासणी. आमच्याकडे तिला सगळे करंटची टेस्टच म्हणतात. मी रोज हेच मशीन चालवतो त्यामुळे सांगतो, घाबरण्यासारखं काही नाही. चटके बसतात, पाय उडतो, पाऊण तासात मोकळे.

करायची कधी? तळपायाला मुंग्या येतायत, गादीवर चालल्यासारखं वाटतंय, चप्पल पायातून निसटली तरी कळलं नाही, असं होत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. ते 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (थरथर कळते का बघायचा चिमटा) आणि 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का बघायचा नायलॉनचा धागा) लावून बघतील. जुना डायबिटीस आणि दोन्ही पायांना सारखाच त्रास असेल तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं, उगाच एनसीव्हीचा खर्च कशाला. पण त्रास एकाच बाजूला असेल, पटापट वाढत असेल, पाऊल उचलताना लटकत असेल किंवा शुगर नसतानाही मुंग्या येत असतील तर मात्र ही टेस्ट टाळू नका.

येताना उपाशी राहू नका, गरज नाही. तेल, मलम, क्रीम काही लावू नका, इलेक्ट्रोड नीट चिकटत नाही. पेसमेकर असेल तर आधीच सांगा, आणि पुढे सुईची ईएमजीही (स्नायूत सुई घालून करायची तपासणी) करायची असेल तर रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हेही सांगा.

आता पायांचं. डिसेंबरात सकाळी लोक स्कूटरवरून येतात, पाऊल बर्फासारखं. नस थंड असली की वेग कमी दिसतो, एका डिग्रीला साधारण दीड-दोन मीटर प्रति सेकंद, म्हणजे चांगल्या नसेला आजारी ठरवायला पाच डिग्री पुरतात. आणि गंमत अशी की थंडीत संवेदनेच्या नसेचा सिग्नल उंच येतो, त्यामुळे खरोखर सुरू झालेला बिघाड झाकलाही जातो. म्हणून मोजे घालून या, आणि टेबलावर झोपल्यावर "टेंपरेचर बघितलं का?" असं बिनधास्त विचारा. हाताला 32 आणि पायाला 30 डिग्रीच्या आसपास तरी हवं. कमी असेल तर कोमट पाण्याची पिशवी लावून दहा मिनिटं थांबायचं, मी तर थांबवतोच, मग रांगेतले कितीही चिडोत.

लवकरचा बिघाड पकडायचा तर सगळ्यात कामाची नस म्हणजे सुरल, पोटरीमागून पावलाच्या बाहेरच्या कडेला जाणारी संवेदनेची नस. बाहेरच्या घोट्यामागे इलेक्ट्रोड लावायचा आणि साधारण 14 सेंटिमीटर वर पोटरीवर करंट द्यायचा. लांब नसांची टोकं आधी मरतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. रिपोर्टात सुरलची अँप्लिट्यूड, म्हणजे सिग्नलची उंची बघा, बऱ्याच लॅबमध्ये 6 मायक्रोव्होल्टच्या खाली आली की कमी धरतात (साठीनंतर तशीही घटते). नसेच्या आतला तंतू खराब होत असेल तर आधी अँप्लिट्यूड पडते, वेग बराच काळ ठीक असतो. वरचं आवरण गेलं असेल तर उलटं, वेग घसरतो. वेग पायात 40 आणि हातात 50 मीटर प्रति सेकंदाच्या वर म्हणजे साधारण ठीक. काही ठिकाणी फक्त हालचालीच्या नसा तपासून "नॉर्मल" लिहून देतात, तो रिपोर्ट अर्धाच समजायचा.

हाताच्या मुंग्यांना वेगळा नियम. रात्री हात झटकून उठावं लागत असेल तर मनगटात दबलेल्या मीडियन नसेची शेजारच्या अल्नर नसेशी तुलना करायला सांगा, नुसता एक आकडा बघून सुरुवातीचं कार्पल टनेल (हेच मनगटात नस दबणं) निसटतं.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला तरी पाय जळत असतील तर ते मनाचे खेळ नाहीत. ही टेस्ट जाड तंतूच मोजते, जळजळ आणि गरम-गार कळणारे बारीक तंतू तिच्यात दिसतच नाहीत, त्यासाठी त्वचेची छोटी बायोप्सी (कातडीचा बारीक तुकडा काढून तपासणं) असते. डॉक्टरांना परत भेटा, डायबिटीसची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल किंवा पक्के शाकाहारी असाल तर बी12 तपासायचं का तेही विचारा. आणि जुना रिपोर्ट फेकू नका हो, पुढच्या वेळी आकडे त्याच्याशीच लावून बघायचे असतात, जमलं तर त्याच लॅबमध्ये.