सामाजिक धोरणाचा एम. ए. करू इच्छिणाऱ्यांसाठी, बडोद्याहून

बडोद्यातील मराठी घरांत अभियांत्रिकी, वाणिज्य किंवा बँकेची परीक्षा हे मार्ग ओळखीचे आहेत. सामाजिक धोरणाचे नाव काढले की तो समाजकार्याचाच एखादा प्रकार असावा, असे बहुतेक पालकांना वाटते. दोन्ही विषय शेजारचे असले तरी अभ्यासाचा रोख निराळा आहे. समाजकार्याचा विद्यार्थी अडचणीत आलेल्या माणसाबरोबर किंवा वस्तीबरोबर काम करायला शिकतो. धोरणाचा विद्यार्थी त्या माणसाला काय मिळावे, हे कोणत्या कायद्याने, कोणत्या निकषाने आणि किती खर्चात ठरले, ते तपासतो. प्रवेशाआधी हा फरक नीट समजून घ्यावा, कारण दोन वर्षांचा बराचसा वेळ वस्तीत नव्हे, तर कायदे, अंदाजपत्रके आणि आकडेवारी वाचण्यात जातो.

माझा पहिला आग्रह हा की योजनेबद्दलचे लेख वाचण्याआधी मूळ कायदा वाचावा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ फार मोठा नाही. त्याच्या चौथ्या कलमाने गरोदर व स्तनदा मातांना किमान ६,००० रुपयांचा मातृत्वलाभ दिला आहे. त्यातून सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमांतील नियमित नोकरदार आणि दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या आहेत. २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली, तेव्हा मात्र रक्कम ५,००० रुपये ठरली आणि लाभ पहिल्या जिवंत अपत्यापुरता राहिला. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये देण्याची तरतूद २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आली. कायदा आणि सूचना शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचल्यावर, हक्क कागदावरून कागदावर जातानाच कसा आकसतो हे मला प्रथम कळले. हे वाचन कंटाळवाणे असते, पण या शिक्षणाचा गाभा तोच आहे, असे माझे ठाम मत आहे.

याच कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्याचा हक्क दिला, आणि प्राधान्य कुटुंबांसाठी माणशी दरमहा ५ किलो धान्य ठरवले. लाभार्थींची संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे आणि पुढची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही. त्यामुळे लोकसंख्या वाढली तरी यादीतल्या जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. वर्गात याला ‘वगळणुकीची चूक’ म्हणतात. क्षेत्रकार्याच्या काळात तिचे दुसरे रूप मी एका रेशन दुकानात पाहिले. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींचा अंगठा यंत्र घेईना. त्यांनी पदराने बोट पुसले, मग दुसरे बोट लावून पाहिले. मोबाइलवर ओटीपी येईल म्हणावे, तर मोबाइल कामावर गेलेल्या मुलाजवळ. ‘म्हणजे उद्या पुन्हा खाडा,’ एवढेच म्हणून त्या रिकामी पिशवी घेऊन गेल्या. महिन्याच्या अहवालात त्यांचे धान्य उचललेले दिसेल, बुडालेली मजुरी मात्र कोणत्याही रकान्यात नसेल. अशा नोंदी त्याच संध्याकाळी, माणूस ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत लिहून ठेवाव्यात. आपल्याला गुजराती आणि मराठी दोन्ही येतात, ही बडोद्याच्या विद्यार्थ्याची मोठी सोय आहे.

संख्याशास्त्राची भीती अनेकांना असते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा कुटुंबनिहाय डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतो आणि ‘आर’ हे सॉफ्टवेअरही मोफत आहे, म्हणून पहिल्या सत्रापासूनच हात घालावा. नमुन्यातील प्रत्येक कुटुंब प्रत्यक्षात किती कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते, ते सांगणारे भारांक त्या डेटासोबत असतात. भारांक न लावता काढलेली टक्केवारी दिसायला नेटकी असली तरी तिच्यावर विसंबता येत नाही.

प्रबंधाचा विषय दूर शोधण्याची गरज नसते. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेली भागात सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर नेले. आपण हे अभिमानाने सांगतो आणि तो अभिमान रास्त आहे. परंतु धोरणाच्या विद्यार्थ्याने पुढचे प्रश्नही विचारावेत. आधी एकाच भागात प्रयोग का केला, मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांचे काय होई, शेतीच्या हंगामात हजेरी कशी राही? संस्थानच्या जुन्या दप्तरात मोडी कागद पुष्कळ आहेत, आणि घरात कुणी मोडी वाचणारे असेल तर त्यांच्याजवळ बसून ती आताच शिकावी.

प्रवेशाविषयी थोडक्यात: भारतात हा अभ्यासक्रम साधारणपणे दोन वर्षांचा, तर ब्रिटनमध्ये बहुधा एका वर्षाचा असतो, आणि आपल्याकडे तो अनेकदा सार्वजनिक धोरण किंवा विकास अभ्यास या नावाने चालतो, म्हणून नावापेक्षा विषयपत्रिका पाहावी. संख्याशास्त्र, सार्वजनिक वित्त आणि क्षेत्रकार्य या तिन्हींना जागा नसेल, तर मी तो अभ्यासक्रम सुचवणार नाही.

नोकऱ्या संशोधन संस्था, सरकारी विभागांतील कंत्राटी सल्लागारपदे आणि कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचे) विभाग यांत मिळतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, त्यामुळे बडोद्यासारख्या औद्योगिक शहरात या कामाला मागणी आहे. अध्यापनाकडे जायचे असेल, तर नेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेची तयारी दुसऱ्या वर्षातच सुरू करावी. मुलाखतीला जाताना पदवीच्या प्रमाणपत्राबरोबर स्वतः लिहिलेले दोन-तीन पानी धोरण-टिपण न्यावे. माझ्या मुलाखतीत गुणपत्रिकेवर एकही प्रश्न आला नाही, सगळी चर्चा त्या टिपणावरच झाली.