ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये पहिले कासव आणण्यापूर्वी

मराठीत पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या अशा दोन्ही प्राण्यांना आपण कासवच म्हणतो, त्यामुळे डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले पाण्यातले पिल्लू घरी आणून त्याला कोरड्या खोक्यात ठेवणारे लोक भेटतात. तेव्हा आपल्याला जमिनीवरचेच कासव हवे आहे का, हे आधी ठरवावे. पाठीवर चांदण्या असलेले आपले देशी कासव यादीतून लगेच खोडावे, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असून ते पाळणे गुन्हा आहे. परदेशी जातीच्या कासवासाठी विक्रेत्याकडून कायदेशीर मालकीची कागदपत्रे घ्यावीत आणि ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा. कागद नंतर देतो म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

जात निवडताना रूपापेक्षा ठाण्याची हवा पाहावी. रशियन कासव लहान असते हे खरे, परंतु ते मध्य आशियातल्या कोरड्या प्रदेशातले असल्याने आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा दमटपणा त्याला सोसत नाही. सुलकाटा या आफ्रिकेतल्या जातीचे पिल्लू तळहातावर मावते, पण पुढे त्याचे वजन 40 किलोच्याही वर जाते, आणि घोडबंदर रोडवरच्या दोन खोल्यांच्या घरात त्याला फिरवायचे कुठे? दक्षिण अमेरिकेतले लाल पायांचे कासव दमट हवेत रमते आणि साधारण फूटभर वाढते, म्हणून नवख्या माणसाने माझ्या मते त्याचाच विचार करावा. मात्र ते 50 वर्षेही जगू शकते, तेव्हा आपल्यानंतर त्याला कोण सांभाळणार याची चर्चा घरात आधीच व्हावी.

कासव येण्यापूर्वी किमान आठ फूट बाय चार फूट जागा, कोकोपीटचा ओलसर थर, लपण्याची जागा आणि पाण्याचे उथळ ताट तयार असावे. बाल्कनीच्या बंद काचेतून अतिनील-बी (यूव्हीबी) किरण जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे ऊन दिसते म्हणून यूव्हीबी दिवा टाळू नये. त्याच्याविना कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडते. जास्वंदीची पाने-फुले, थोडी पपई आणि कुरतडायला समुद्रफेन ठेवावे. पालक रोज देऊ नये. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य आधीच शोधावा, कारण कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला हे जमत नाही. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना आधीपासून लावावी. पुढे सांभाळणे जमले नाही, तर ते उपवन किंवा मासुंदा तलावात कदापि सोडू नये, कारण जमिनीवरचे कासव पाण्यात बुडून मरते.